फोंड्याजवळचं वृद्धांचं केअर सेंटर : आईला ठेवल्यापासून काय काय बदललं

आई इथे गेल्या पावसाळ्यापासून आहे. गोव्यात अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी जागा शोधणारे बरेच जण मला विचारत असतात, प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. सेंटरचं नाव टाकत नाहीये कारण यात तक्रारीही आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा त्यांनी स्वतः सुधारल्यात, जुन्या गोष्टीसाठी आत्ताच्या स्टाफला बोल लागायला नको.

आधी थोडक्यात. पाचातले चार स्टार. पहिल्या तीन-चार महिन्यांत लिहिलं असतं तर दोनसुद्धा दिले नसते. बिल्डिंग तीच आहे, बेड तेच आहेत, कामाला माणसंही बरीचशी तीच आहेत, कामाची पद्धत तेवढी बदलली आणि आईच्या तब्येतीत फरक पडला. मला सांगायचंय ते एवढंच, पण ते नीट समजायला हवं म्हणून लांबलचक लिहितेय.

आईला पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात) होती, तिथे ट्रीटमेंट चांगली झाली, पण डिस्चार्जनंतर खरा प्रश्न सुरू झाला. मी पणजीला नोकरीला, भाऊ गल्फमध्ये, डिचोलीच्या घरी आई आणि एक ठेवलेली बाई, आणि त्या बाया काही टिकेनात. डायबेटिस जुना, दिवसाला दोनदा इन्सुलिन, त्यात गिळायला त्रास. पाणी प्यायलं की ठसका. अशा माणसाला नुसतं जेवणखाण देणारा वृद्धाश्रम चालत नाही, सुश्रूषा करणारी माणसं लागतात. म्हणून फोंड्याजवळचं हे सेंटर बघितलं, स्वच्छ वाटलं, टाइल्स नवीन, खिडकीतून कुळागर (सुपारी-नारळाची बाग) दिसतं, आणि ठेवलं.

एका रविवारी दुपारी तीनच्या सुमारास मी गेले होते. ऑफिसच्या बाहेर भिंतीला एक फाइल टांगलेली असायची, त्यात सगळ्या पेशंटचे कूस बदलण्याचे चार्ट. सहज उघडली तर आईच्या पानावर चारची, सहाची, रात्री आठची, सगळ्या टिका आधीच मारलेल्या, एकाच निळ्या पेनाने, एका ओळीत. आई मात्र पाठीवर उताणी. शेजारच्या बेडवरच्या आजीबाई म्हणाल्या सकाळी आंघोळ घातल्यापासून तशीच आहे गो बाय. चादर काढून एका मावशीच्या मदतीने आईला वळवलं तर माकडहाडाच्या वर रुपयाएवढा लाल डाग, बोट दाबलं तरी पांढरा न पडणारा. ज्यांच्या घरी कुणी आजारी आहे त्यांनी हे लक्षात ठेवा, लाल झालेल्या जागेवर बोट दाबून सोडायचं, क्षणभर पांढरट होऊन परत लाल झालं तर अजून वेळ आहे, पांढरं पडतच नसेल तर बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली समजा. सावळ्या कातडीवर तर रंग लवकर कळतच नाही, हात लावून बघायचं, जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते का. आणि त्या जागेला चोळायचं नाही! आमच्याकडे सगळे तेल लावून चोळायचा सल्ला देतात, त्याने आतलं नुकसान वाढतं.

मी त्या दिवशी भांडले, मॅनेजरने माफी मागितली, ज्या मावशीने टिका मारल्या तिला माझ्यासमोर झापलं, आणि पुढच्या आठवड्यात गेले तर परत तेच. आता वेगळी मावशी, टिका तशाच. तेव्हाच कळलं की हा एका बाईच्या आळसाचा मामला नव्हे. दुपारच्या ड्युटीला एका मावशीकडे किती बेड आहेत, त्यातले किती स्वतः वळू शकत नाहीत, हे कुणी मोजतच नव्हतं. तिने भरवायचं, डायपर बदलायचे, डायपर संपले की जिना उतरून खालच्या स्टोअरमधून आणायचे, चावी ऑफिसात, ऑफिसातला माणूस जेवायला गेलेला, आणि एवढं करून दर दोन तासांनी ऑफिसजवळ येऊन फाइलमध्ये टिक मारायची. फाइलमध्ये वेळ आधीच छापलेली, २, ४, ६, ८. साडेचारला वळवलं तर ते लिहायला जागाच नाही, आणि रकाना रिकामा दिसला तर ओरडा. मग ती आधीच सगळं भरून मोकळी होणार ना.

दिवाळीनंतर नवीन इनचार्ज सिस्टर आल्या. सावंतवाडीच्या बाजूच्या, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या, आयसीयूत काम करून आलेल्या. आल्या आल्या नियम काढतील असं वाटलेलं, तसलं काही केलं नाही. पहिले बरेच दिवस त्या वही घेऊन मावशींच्या मागे मागे फिरत होत्या, सकाळच्या ड्युटीला, दुपारच्या, रात्रीच्यासुद्धा, कोण कुठे किती वेळा जातंय ते लिहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "ताई, यांचा निम्मा वेळ पेशंटजवळ जातच नाही, जिन्यावर जातोय." मग पहिलं काम काय केलं तर प्रत्येक खोलीत एक छोटं कपाट, त्यात दिवसाचे डायपर, ग्लोव्हज, क्रीम, चादरी, चावी खोलीतच खुंटीला. बस. एवढ्याने मावशी खोलीत दिसायला लागल्या. हे बघून मला खरंच भरून आलं, कारण इतके दिवस आम्ही नातेवाईक "स्टाफ लक्ष देत नाही" म्हणून बोंब मारत होतो आणि लक्ष द्यायला तो स्टाफ खोलीत असायला तर हवा.

दुसरं, चार्ट. छापलेल्या वेळा काढून टाकल्या. आता प्रत्येक बेडच्या पायथ्याशी क्लिपबोर्ड, सुतळीने बांधलेलं पेन, आणि चार रकाने : किती वाजता, कुठल्या कुशीवर, कातडी कशी, सही. खरी वेळ लिहायची. दहाचे दहा-वीस झाले तर दहा-वीस लिहायचं, कोणी ओरडणार नाही, पण न करता लिहिलं तर मात्र चालणार नाही. हे आधी सगळीकडे लागू केलं नाही, फक्त मागच्या बायकांच्या खोलीत दोन आठवडे करून बघितलं, काय अडतंय ते मावशींनाच विचारलं. त्या म्हणाल्या लिहायला नको, बाणाची खूण करू दे, कारण दोघींना मराठी-इंग्लिश दोन्ही लिहिता येत नाही, त्या ओडिशाच्या आहेत. मग बाण आला. डावीकडे, उजवीकडे, वर. त्यानंतर पुढच्या खोल्या. क्वालिटीवाल्यांच्या भाषेत याला पीडीएसए म्हणतात, ठरवा, थोडंसं करून बघा, तपासा, मग पक्कं करा. गाडी सगळी एकदम बदलायची नाही, एक नट बदलून चालवून बघायची, तसं.

वळवायचं कसं हेही त्यांनी सगळ्यांना हाताने करून दाखवलं. सरळ कुशीवर आडवं पाडायचं नाही, त्याने खुब्याच्या हाडावर भार येतो, पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलतं ठेवायचं. पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा हवेत राहतात, कारण माकडहाडाखालोखाल टाचांनाच जखमा होतात. मधे भोक असलेली ती रबरी रिंग आम्ही हौसेने घेऊन दिली होती, ती त्यांनी परत केली, तिच्या कडेने रक्तपुरवठा दबतो म्हणून. एअर बेड आहे म्हणून वळवायचं नाही असं नाही, एअर बेडवरही वळवावं लागतंच. आणि आपल्याकडे पावसात लाईट जाते तेव्हा एअर बेडचा पंप बंद पडून गादी बसते, माणूस तासभर पत्र्यावर झोपल्यासारखा, हे त्यांनी आल्यावर पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात आणून दिलं आणि त्या खोल्यांचे प्लग इन्व्हर्टरवर घेतले. आईची जखम वरच्या थरापर्यंत गेली होती, ती मार्चपर्यंत भरली. आता तिथे नुसता फिकट डाग आहे, मी दर भेटीत बघते आणि सिस्टर स्वतः दाखवतात, लपवत नाहीत.

इन्सुलिनचं प्रकरण तर आणखी गंभीर होतं. आधी इन्सुलिन घड्याळावर असायचं, साडेबाराला सिस्टर ट्रे घेऊन फिरायच्या आणि टोचत जायच्या, जेवण एकला येणार म्हणून. पण चतुर्थीच्या दिवसांत किचनमधली माणसं गावी गेलेली, जेवण दोनला आलं, आणि एका आजोबांची शुगर इतकी उतरली की ते घामाघूम होऊन बरळायला लागले. आई त्या दिवशी वाचली कारण मी डब्यात पेज घेऊन गेले होते. शुगर ७० च्या खाली गेली की धोका, आणि म्हाताऱ्या माणसाला ते सांगता येत नाही, आपल्याला वाटतं झोपलेत. आताचा नियम सोपा आहे, ताट बेडजवळ आल्याशिवाय इन्सुलिन नाही. घड्याळ काहीही म्हणो. शिवाय किचनने अर्धा तास आधी कळवायचं, आणि त्या दिवशी माणूस नीट जेवत नसेल तर आधी डॉक्टरांना फोन. औषधं वाटताना सिस्टर एक लाल ॲप्रन घालतात, तो अंगावर असेपर्यंत त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, आम्ही नातेवाईकांनी पण नाही. पहिल्यांदा मला तो उद्धटपणा वाटेल की काय असं त्यांनाच वाटत होतं, मी म्हटलं घाला बिनधास्त, गोळ्या चुकण्यापेक्षा मी दहा मिनिटं थांबेन.

भरवण्याबद्दल दोन ओळी, कारण घरी करणाऱ्यांनाही उपयोगी आहे. आईला पातळ पाणी चालत नाही, घट्ट केलेलं चालतं. उकड्या तांदळाची पेज गाळून दाटसर करून देतात, तीच तिला आवडते, त्यासोबत थोडं मीठ-लिंबू, कधी सुंगटांचा (कोळंबीचा) रस्सा गाळून. बसवून, मान थोडी खाली, छोटा चमचा, गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि खाऊन झाल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. आडवं केलं की अन्न छातीत जातं आणि न्यूमोनिया होतो. आधी एक मावशी एका वेळी तिघींना भरवायची, आता ऑफिसातली मुलगी आणि रिसेप्शनवालापण जेवणाच्या वेळी भरवायला बसतात, त्यांना तसं शिकवलंय. मला ही सगळ्यात हुशार गोष्ट वाटते, कारण नवीन माणूस न घेता जेवणाच्या त्या एका तासाला चार हात वाढले.

ड्युटी बदलताना पूर्वी ऑफिसात वही सरकवली जायची, "सगळे ठीक". आता जाणारी आणि येणारी सिस्टर दोघी बेडजवळ उभ्या राहतात, नाव, आज काय झालं, काय बघायला हवं, पुढे काय करायचं, आणि पाठ, टाचा, कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी डोळ्यांनी बघूनच चार्ज घेतात. पिशवी कमरेच्या खाली असली पाहिजे आणि जमिनीला टेकता नये, हेही त्या बघतात. एका बेडला दोन मिनिटं लागत नाहीत. आईला लघवीचं इन्फेक्शन झालं ते यातच सापडलं, ताप नव्हता, नुसती ती दोन दिवस गप्प गप्प होती आणि संध्याकाळी भलतंच बोलत होती, रात्रीच्या सिस्टरनी सकाळच्यांना ते सांगितलं, टेस्ट झाली. पूर्वी याला "म्हातारपण" म्हणून सोडून दिलं असतं.

पडण्याबद्दल. चालते फिरते पेशंट पडायचे, ते वहीत लिहायलाच बंदी असल्यासारखं होतं. सिस्टरनी लिहायला लावलं, कुठे, किती वाजता, कशासाठी उठले होते. काही आठवड्यांत दिसलं की बहुतेक जण पहाटे बाथरूमला जाताना पडतायत, रात्रपाळीची मावशी चहा करत असते तेव्हा. मग काय, चहा नंतर, आधी सगळ्यांना एकेक करून बाथरूमला नेऊन आणायचं. रात्री पेशंट ओरडू नयेत म्हणून झोपेच्या गोळ्या द्यायची सवय पण कमी केली, त्या गोळ्यांनीच माणूस सकाळी झोकांड्या खातो. आणि हात बांधणं बंद. नाकातली नळी ओढतात म्हणून पट्टीने हात बांधलेले एक काका मी सुरुवातीला बघितले होते, ते चित्र डोळ्यासमोरून जात नाही. माझी मावसबहीण अमेरिकेत नर्सिंग होममध्ये नर्स आहे, ती सांगते की तिथे १९८७ च्या कायद्याने स्टाफच्या सोयीसाठी बांधून ठेवणं किंवा औषध देऊन गुंगवणं याला मनाई आहे. रोज कुठल्या ड्युटीला किती नर्स आहेत ते सगळ्यांना दिसेल असं लावावं लागतं आणि २००८ पासून सरकारच प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच स्टार देतं, तपासणी, स्टाफ आणि पेशंटची अवस्था बघून. तिथेही सगळं आलबेल आहे असं ती म्हणत नाही, पण निदान बघायची सोय आहे. आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्यात जिल्ह्याला एक तरी वृद्धाश्रम असावा असं म्हटलंय, पण मावशीकडे किती बेड असावेत हे बघायला आपल्याला स्वतःच जावं लागतं. मी हे सिस्टरना सांगितलं आणि आता दाराशी एक पांढरा बोर्ड आहे, आज ड्युटीवर कोण, किती जण. आम्ही मागितल्यावर लावला, कुरकुर केली नाही.

आता जे अजून बरोबर नाही ते. रात्री माणसं कमीच आहेत. बोर्डवर दिसतं, सकाळच्या निम्म्याने, आणि रात्री वळवायची वेळ चार्टमध्ये तीन तासांवर गेलेली असते. खोटं लिहीत नाहीत म्हणून तर ते कळतं, पण कळून भागत नाही, माणूस वाढवायला हवा. मालक डॉक्टर म्हणतात रात्री कामाला कोणी मिळत नाही. मिळत नाही कारण पगार कमी आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. मावशी बाहेरून आलेल्या, भाड्याच्या खोलीत चौघी-पाचजणी राहतात, शिकवून तयार झाल्या की दुसरीकडे दोन हजार जास्त मिळाले की जातात, आणि मग आईला परत नव्या हाताची सवय करावी लागते. आता निदान प्रत्येक खोलीला ठरलेल्या मावशी दिल्यात, आईची मावशी तिच्या नुसत्या भुवईवरून ओळखते की पाणी हवंय की दुखतंय. अशी माणसं टिकवायला पैसे खर्च करा, नवीन सोफा नको.

फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदाच येतो आणि घाईत असतो. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, ओलसर वासाच्या चादरी मिळतात, ओलाव्याने कातडी लवकर फाटते हे त्यांना माहीत असूनही ड्रायर अजून आलेला नाही. एकदा दुसऱ्या कुणाचा गाऊन आईच्या अंगावर होता. बिलात डायपर आणि ग्लोव्हजचा आकडा मोघम असायचा, आता मागितला की तपशील देतात, न मागता देत नाहीत.

खर्च. आईच्या कॅटेगरीला महिन्याला ४०,००० च्या आसपास, औषधं-डायपर वेगळे. स्वस्त नाही. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २००० रुपये येतात ते डायपरलाही पुरत नाहीत. आम्ही दोघं भावंडं मिळून करतो म्हणून जमतं, ज्यांना हे शक्य नाही त्यांनी प्रोव्हेदोरियाच्या (गोवा सरकारची मदत करणारी संस्था) वृद्धाश्रमांची चौकशी करावी, पण आपलं माणूस पूर्ण अंथरुणावर असेल तर तिथे घेतात का ते आधी विचारून घ्या.

तुम्ही कुठलंही सेंटर बघायला गेलात, हे किंवा दुसरं, तर सकाळी दहाला फोन करून जाऊ नका, दुपारी जेवणाच्या वेळी जा. कोण कोणाला भरवतंय, बसवून की आडवं, ते बघा. बेडच्या पायथ्याचा चार्ट मागा आणि घड्याळ बघा, पुढची वेळ आधीच भरलेली असेल तर दुसरीकडे बघा. एखाद्या मावशीला विचारा तुमच्याकडे किती बेड. गेल्या महिन्यात कोण पडलं का विचारा, "आमच्याकडे कोणी पडतच नाही" असं उत्तर आलं तर मी तिथे माझं माणूस ठेवणार नाही. पाणी किती प्यायलं याची नोंद आहे का तेही, विशेषतः एप्रिल-मे मध्ये, म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी इथे नातेवाईकांची मीटिंग असते, सिस्टर पडल्याचे, जखमांचे, वजनाचे आकडे सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. पुढच्या मीटिंगला आम्ही काही जण रात्रीच्या स्टाफचा विषय लेखी देणार आहोत, जास्तीचा माणूस घेतला तर फीमध्ये थोडी वाढ चालेल हेही त्यात लिहिलंय. काय होतं ते खाली अपडेट करेन. बायकांच्या बाजूला सध्या वेटिंग आहे, पुरुषांच्या बाजूला दोन बेड रिकामे आहेत असं गेल्या आठवड्यात सांगत होते. भेटायची वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा, बसने येत असाल तर फोंड्याला उतरून रिक्षा करावी लागते. कोणाला नाव आणि फोन हवा असेल तर मला मेसेज करा, देते.